भिंतीवरचा कागद आणि हजेरीची वही

पत्र (थोडक्यात) :

ताई, वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. अकरा वर्षं झाली. ३४ माणसं आहेत, त्यातल्या २७ बाया, आसपासच्या वाड्यांमधल्या. गावातल्या बाईला गावातच चार पैसे मिळावेत म्हणून सुरू केला होता. यंदा पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदारानं ‘तुमची लेखी धोरणं पाठवा’ असं कळवलं. मुलानं मित्राच्या कंपनीतली ४२ पानांची फाइल आणली. त्यातला एक नियम जुलैत भिंतीवर लावला : दहा मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापणार. पंधरा दिवसांत सात जणींचे अर्धे दिवस गेले. बाया तुटक बोलू लागल्या. सगळ्यात जुनी जी आहे ती म्हणाली, ‘वयनी, आता तुमी आमका कागद दाखवतलास?’ दुसरी एक एसटी सोडून डोंगर उतरून चालत येते, बोलत काहीच नाही. देखरेख माझे दीर करतात, ते म्हणतात शिस्त हवीच. नियम नकोत म्हटलं तर खरेदीदार जातो, लावले तर माणसं तुटतात. काय करू? हजेरीच्या पानांचे फोटो सोबत पाठवतेय.
– एक वहिनी, वेंगुर्ले तालुका

उत्तर :

वहिनी, तुमच्या बाया तुम्हाला ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं मीही मारते.

पत्र दोनदा वाचलं. हजेरीची पानं मात्र चार वेळा पाहिली, कारण खरं पत्र त्या पानांतच आहे. जुलैच्या पानावर ४, ९, १० आणि १५ या तारखांना सात नावांपुढे निळ्या शाईत ‘उ’ लिहिलंय आणि मजुरीच्या रकान्यात अर्धा. सातही जणींचा उशीर त्याच तारखांना, आणि बाकीच्या दिवशी सातही जणी वेळेवर. वहिनी, या सात आळशी बाया नव्हेत. या एका गाडीतल्या सात बाया आहेत. त्या चार दिवशी पाऊस किती होता आणि घाटीच्या रस्त्यावर पाणी होतं का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तुमच्या नियमानं एसटीच्या उशिराचा दंड बायांकडून वसूल केला.

आपल्याकडे कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते. रूळ तेच, पण पावसात डोंगराची कटिंगं भिजलेली असतात म्हणून वेग कमी धरतात आणि स्टेशनावर पोचायच्या वेळा बदलतात. दरवर्षी हे आधी छापून जाहीर होतं. एवढ्या मोठ्या संस्थेला इथल्या पावसापुढे दोन वेळापत्रकं करावी लागतात, मग तुमच्या कारखान्याला एकच वेळ बारा महिने कशी पुरेल? मुलाच्या मित्राच्या फाइलमध्ये इथला पावसाळा नसणारच. ती फाइल वाईट नाही. ती तिथल्या माणसांसाठी, तिथल्या रस्त्यांसाठी लिहिलेली आहे, इतकंच. मुलाला रागावू नका. त्यानं मदतच केली.

आणि हा नियम नुसता न जुळणारा नाही, तो कायद्यातही बसत नाही. जेवढा वेळ माणूस कामावर नव्हतं, तेवढ्याच वेळेच्या प्रमाणात मजुरी कापता येते, त्याहून जास्त नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापणं हा बेकायदा हिशेब आहे. एवढ्या एका कारणासाठीही तो कागद भिंतीवरून उतरवायला हवा.

पण तुमचा प्रश्न त्याहून मोठा आहे. तुम्हाला वाटतंय की आजवर आपल्याकडे नियम नव्हते आणि आता बाहेरून आणावे लागणार. माझं म्हणणं असं की तुमच्याकडे अकरा वर्षं नियम होते, फक्त ते तुमच्या डोक्यात होते. कुणाचं पोर आजारी पडलं तर तुम्ही काय केलंत, भातलावणीच्या दिवसांत कुणाला सोडलंत, उचल कुणाला दिली आणि कशी फेडून घेतलीत, या सगळ्याची नोंद हजेरीच्या आणि उचलीच्या वहीत आहे. धोरण लिहायला बसाल तेव्हा ४२ पानांची फाइल बाजूला ठेवून या दोन वह्या समोर घ्या. मागच्या तीन वर्षांची पानं चाळा. जिथं तुम्ही दिलेला निकाल आजही योग्य वाटतो तो लिहून काढा. तोच तुमचा नियम.

आणि जिथं एकीला दिलं आणि दुसरीला नाही दिलं असं सापडेल, तिथं थांबा. तसं सापडेलच. तोंडी कारभारात एक दोष असतो : जी मागते तिला मिळतं. जी तुमच्या ओटीवर येऊन बसू शकते, जिचा नवरा तुमच्या घरच्यांच्या ओळखीचा आहे, जी बोलायला चुरचुरीत आहे, तिची रजा होते. जी मान खाली घालून काम करते तिची होत नाही, कारण ती मागतच नाही. तुमच्या मनात दुजाभाव नसतानाही हे घडतं. लेखी नियम खरा लागतो तो या मागता न येणाऱ्या बाईसाठी. बाकीच्यांचं तुमच्या चांगुलपणावरही भागतं.

हे मी चटका बसून शिकले. मी सतरा वर्षं रत्नागिरीच्या पट्ट्यात एका कारखान्याच्या कार्मिक विभागात होते. सुरुवातीला माझ्याच हातानं नियम लिहिला होता : रजेचा अर्ज तीन दिवस आधी, लेखी. प्रतवारीच्या टेबलावरची एक बाई एकदा दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, वहीत आपल्या नावापुढची लाल फुली पाहिली, दुपारपर्यंत काम केलं, डबा धुतला आणि गेली. पुन्हा आली नाही. मुलाला ताप होता, त्याला रात्रीचं जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. हे मला चार महिन्यांनी बाजारात तिच्या जावेनं सांगितलं. तिला अर्ज लिहिता येत नव्हता आणि ते सांगण्याची लाज वाटत होती. आमच्या नियमात तापाला जागा नव्हती. त्या वर्षापासून मी कुठलाही नियम लिहिताना त्याच्याखाली एक ओळ लिहिते : ‘हा नियम कशासाठी?’ ती ओळ लिहिता आली नाही तर नियम खोडते.

तुमच्या बाबतीत ती ओळ तपासायला दोन मापं पत्रातच आहेत. एक तुम्ही स्पष्ट लिहिलंत : गावातल्या बाईला गावात काम मिळावं. दुसरं ओझरतं आलंय, पण खरेदीदार तुमच्याकडे त्यासाठीच येतो : माल चोख, गर अख्खा. प्रत्येक नियम या दोन्हींना धरून पाहा. फाइलमधले पोशाखाचे आणि ओळखपत्राचे नियम यात कुठंच बसत नाहीत, ते सोडून द्या. डोक्याला फडकं, हात धुणं आणि नखं कापलेली, एवढं अन्नाच्या कामाला हवं. ते तुमच्याकडे आधीच पाळलं जात असणार.

आता मजुरी. यावर मला जरा थांबायचंय, कारण भिंतीवर काय लावलंय यापेक्षा पैसे कशाचे मिळतात हे बायांना आधी कळतं. तुम्ही लिहिलंत की फोडणाऱ्या बायांना किलोवर पैसे आहेत आणि हल्ली तुकडा वाढलाय, तोही खरेदीदाराचा एक मुद्दा आहे. वाफवून थंड केलेली बी यंत्राच्या पात्याखाली धरायची, पायानं दाब द्यायचा, हातानं टरफल उलगडून गर काढायचा. यात घाई केली की गर तुटतो. अख्ख्या गराचा भाव आणि तुकड्याचा भाव यात केवढी तफावत असते ते तुम्ही रोज पाहता. ‘डब्ल्यू ३२०’ म्हणून जो माल जातो त्यात एका पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर बसावे लागतात. तुम्ही बोलताना अख्खा गर मागता आणि पैसे मात्र वेगाचे देता. बाई पैशाचं ऐकणार, तिनं ऐकावंच.

हातमोज्यांचंही तसंच. फाइलमध्ये ‘हातमोजे सक्तीचे’ असं आहे आणि दीर म्हणतात की बाया घालत नाहीत. टरफलातल्या तेलानं हात काळे पडतात, कातडी सोलते, भाकरी थापताना झोंबतं. हे त्यांना ठाऊक नाही का? पण जाड मोज्यात बोटांना बी कळत नाही, हात मंदावतो, संध्याकाळी किलो कमी भरतात. म्हणजे त्यांनी हात वाचवायचे तर स्वतःच्या मजुरीतून वाचवायचे, असं तुमचं आजचं धोरण झालं. कागदावर कुणी तसं लिहिलेलं नसलं तरी अर्थ तोच होतो.

इथं नियम असा करून पाहा : दिवसाची मजुरी ठरलेली, आणि ती किमान वेतनाच्या खाली नाही (काम किलोवर असलं तरी किमान वेतन चुकत नाही). त्यावर अख्ख्या गराच्या प्रमाणानुसार जादा पैसे. हाताला लावायचं तेल आणि बोटांना बसतील असे पातळ मोजे कारखान्यानं द्यायचे. तेल लावायला, हात धुवायला जी दहा-दहा मिनिटं जातात ती कामाच्या वेळात धरायची. आधी एका टेबलावर महिनाभर करा. तुकडा किती घटला ते तुमच्याच तराजूवर दिसेल, मग पुढचं ठरवा.

सणांचं तुम्ही एका ओळीत उरकलंत : ‘गणपतीत कोणी येत नाही आणि दिवाळीची ऑर्डर तोंडावर असते.’ हे बदलणार नाही, वहिनी. दीड दिवसाचा, पाच, सात, अकरा दिवसांचा, ज्याच्या घरी जसा गणपती तशी त्या घरची बाई चुलीला बांधलेली. मुंबईची माणसं आलेली असतात. तेव्हा तिला कामावर बोलावणं म्हणजे न येण्याचं पाप तिच्या माथी मारणं. त्यापेक्षा कारखाना पाच दिवस बंद ठेवा, जिच्या घरी जास्त दिवसांचा गणपती तिनं आधी सांगून आणखी रजा घ्यावी, आणि हे सगळं एप्रिलमध्येच खरेदीदाराला लेखी कळवा : या आठवड्यात माल निघणार नाही, त्याच्या आधी इतका निघेल. धोरण नेहमी कामगारांकडे तोंड करूनच लिहायचं असा काही दंडक नाही. ते गिऱ्हाइकालाही पाळायला सांगता येतं. जो खरेदीदार लेखी धोरणं मागतो, त्याला ती वाचायलाही लागतील.

जत्रेचं थोडं वेगळं. प्रत्येक गावची जत्रा वेगळ्या दिवशी. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तर देवीच्या कौलानं ठरते, ती कॅलेंडरात आधीपासून छापलेली नसते. म्हणून सुट्ट्यांच्या यादीत तारीख लिहू नका, ‘आपल्या गावच्या जत्रेची एक भरपगारी सुट्टी, आठ दिवस आधी सांगून’ एवढंच लिहा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालकानं आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. तुमच्या कारखान्याला नेमका कोणता कायदा लागतो ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्या, पण या कलमातली रीत मला फार आवडते. कायदा करणाऱ्यांनाही कळलं होतं की अर्धे सण गावाला विचारूनच लिहावे लागतात.

कायद्याकडे मी घराच्या जोत्यासारखी पाहते. जोतं घातल्याशिवाय चिरा रचता येत नाही, पण जोत्यावर कुणी राहत नाही. प्रसूतीची २६ आठवड्यांची भरपगारी रजा हे जोतं आहे. ती पहिल्या दोन मुलांसाठी मिळते, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की हंगामी बाईलाही मिळते. ती बाईनं मागायची वाट पाहू नका, नेमणुकीच्या कागदातच लिहून द्या. पाळणाघर कायद्यानं ५० माणसांना लागतं, तुमच्याकडे ३४ आहेत, म्हणजे कायदा तुम्हाला विचारणार नाही. पण ‘गावातल्या बाईला गावात काम’ हे तुमचंच म्हणणं. जिचं पोर दोन वर्षांचं आहे आणि सासू घरी नाही, ती या वाक्यात बसते का? गोदामाशेजारची खोली, एक पाळणा आणि पोरांकडे पाहणारी एक म्हातारी बाई पगारावर, इतकं झालं तरी बसेल.

आता जे लिहायचंय ते तुम्हाला बोचेल, तरी लिहिते. देखरेख दिरांकडे आहे. ते चांगलेच असतील, माझ्या मनात त्यांच्याविषयी काही नाही. पण उद्या देखरेख करणाऱ्या कुठल्याही पुरुषाविषयी एखाद्या बाईला काही सांगायचं झालं, तर तिनं कुणाकडे जायचं? तुमच्याकडे? तुम्ही त्या घरच्या सून आहात. ती येणार नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यानं अंतर्गत समिती बंधनकारक आहे. समितीच्या अध्यक्षपदी कामावरचीच एक ज्येष्ठ बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली. रोजंदारीवरची, हंगामी बाईसुद्धा तक्रार करू शकते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. बाहेरची सदस्य निवडताना तुमच्या नात्यातली, तुमच्या भावकीतली नको, तालुक्याच्या पलीकडची असली तरी चालेल. तिचा फोन नंबर मोठ्या अक्षरात बायांच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लावा, जिथं तो वाचताना कुणी पाहत नाही. आणि सात जणींसाठी तुम्ही गाडी ठेवायचा विचार करताय म्हणून सांगते, कारखान्यानं दिलेली गाडीही या कायद्यात कामाची जागाच धरली जाते.

नियम लिहायला बसाल तेव्हा एकट्या बसू नका. चार-पाच बाया घ्या, पण एकाच वाडीतल्या, एकाच आडनावाच्या नकोत. कोण कुणाशेजारी जेवायला बसतं ते एकदा लांबून पाहा आणि मग निवडा. दीर त्या बैठकीला नकोत. दुपारच्या जेवणानंतर, भरपगारी वेळात बसा. मराठीत लिहा, मालवणीत वाचून दाखवा. ऐकताना कुणाचे डोळे खाली गेले तर तिथं नियम चुकलाय असं समजा, बैठक संपल्यावर तिला एकटीला विचारा. सगळं मिळून सहा-सात पानं होतील, ती खरेदीदाराला पुरतील. त्याच्या प्रश्नावलीत बालकामगार, कामाचे तास, सुरक्षितता, तक्रार यांवर प्रश्न असतील. त्यांची खरी उत्तरं तुमच्या पानांत असणारच. न घडणाऱ्या गोष्टींची ४२ पानं पाठवलीत तर तपासणीला आलेला माणूस पहिल्या तासातच बायांना विचारून खरं काय ते काढेल.

उशिराचा नियमही त्याच बैठकीत नव्यानं करा. मला सुचतं ते असं : जून ते ऑक्टोबर काम सकाळची एसटी पोचल्यावर पंधरा मिनिटांनी सुरू, इतर महिन्यांत ठरलेल्या वेळेला. गाडी आलीच नाही तर उशीर धरायचा नाही. संध्याकाळची गाडी सुटायच्या आत सुट्टी, मग टेबलावर माल कितीही पडलेला असो. गाडी वेळेवर आली आणि तरी कुणी वारंवार उशिरा आलं, तर पहिल्यांदा तिला कारण विचारायचं, आणि कापायचं झालं तर तेवढ्याच मिनिटांचं.

पण बैठकीची वाट न पाहता एक काम या शनिवारीच करा. सात जणींचे कापलेले अर्धे दिवस पगारात परत घाला आणि वहीत त्या तारखांपुढे लिहा : ‘चुकून कापले, परत दिले’, खाली तुमची सही. पाकीट दिरांच्या हातून नको, तुम्ही स्वतः द्या. जी डोंगर उतरून चालत येते तिला सगळ्यांत आधी. घरातून ती किती वाजता निघते ते तिला विचारा, आणि सोमवारी तिच्याबरोबर त्या वाटेनं एकदा चालून या.